तीनदा विचारलेला प्रश्न

चिंचवड,
शुक्रवार, ४ फेब्रुवारी १९५५

चि. इंद्रायणी हीस आशीर्वाद.

काळेवाडीच्या रंभा कोंडाजी या नऊ वर्षांच्या मुलीबद्दल मी सत्तावीस जानेवारीला तुमच्या कचेरीकडे अहवाल पाठवला. त्यावरून मुलीला बापाकडून काढून पुण्याच्या बालगृहात ठेवण्यात आले. तो अहवाल बरोबर होता अशी माझी आता खात्री राहिलेली नाही. म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. प्रोबेशन ऑफिसर म्हणून हे प्रकरण तुझ्याकडे आले आहे असे कळले. तू माझ्या मावसबहिणीची मुलगी आहेस, म्हणून भीड घालते आहे असे समजू नकोस. दुसरी कोणी अधिकारी असती तर तिलाही हेच लिहिले असते.

मुख्याध्यापिकेच्या जागेवरून निवृत्त होऊन मी इथे आले तेव्हापासून महिला मंडळातर्फे बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचा वर्ग चालवते, हे तुला माहीत आहे. देवळामागची पडवी, अठ्ठावीस मुले. रंभा नदी उतरून यायची. आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाप कोंडाजी नगर जिल्ह्यातला, पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर आहे. चोवीस जानेवारीला तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटे रुंद भाजलेले दिसले. वर काहीतरी काळे फासलेले होते. मी विचारले. बापाने भाजले असे तिने सांगितले. हा बाप एकदा दारू पिऊन माझ्या दाराशी उभा राहिलेला मी पाहिला होता. मी तीन दिवसांत अहवाल पाठवला.

काल छबूबाई नावाची बाई वर्ग चालू असताना आली. ती मूळची काळेवाडीची, शेतकरी. कोंडाजीचे खोपट तिच्या गोठ्याला लागून आहे.

"त्या शिकल्याल्या बाई तुमीच का?"

"मी सुभद्राबाई. बसा."

"बसाया न्हाई आले. लेकराला आई न्हाई. बाप व्हता, त्यो तुमी काढून घेतला. आता जेवान जातंय का ग्वाड?"

मी तिला सांगितले की मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितले आहे. त्यावर ती म्हणाली, "तुमास्नी भ्याली असंल. मला बी भ्या वाटतंय तुमचं, पर मी म्हातारी हाय." आणि निघून गेली. अठ्ठावीस मुले ऐकत होती.

छबूबाईचे म्हणणे असे की कोंडाजी सकाळी सातला कामावर जातो, त्या दिवशीही गेला होता. हे खरे असेल किंवा शेजारधर्म असेल. तू मुलीला पुन्हा विचार. नीट, दटावून, दोन-तीनदा. खरे असेल तर ती बदलणार नाही.

सुभद्रा


पुणे,
बुधवार, ९ फेब्रुवारी १९५५

ती. सुभद्रामावशी यांस सा. नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे काल रंभाला विचारलं. बालगृहाचे अधीक्षक यशवंतराव समोर होते, कारकून लिहून घेत होता. चारदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, "बाबानं." मग म्हणाली, "चुलीवर पडले." मग म्हणाली, "छबूमावशीनं." चौथ्यांदा यशवंतरावांकडे बघून म्हणाली, "सायेब, तुमी सांगाल त्ये."

यशवंतरावांनी कागदावर शेरा मारला: मुलगी सराईत खोटं बोलते, वळण लावण्याची गरज आहे. त्यांचं म्हणणं, अशा मुलीला आठ-पंधरा दिवस ठेवून उपयोग नाही. सोलापूरकडे मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथे सोळा वर्षांची होईपर्यंत पाठवावं. मुलांच्या कोर्टात तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी आहे. मॅजिस्ट्रेटबाई सहसा अधीक्षकांच्या शेऱ्याबाहेर जात नाहीत. शाळा वाईट नाही, मावशी. शिवण शिकवतात, दोन वेळचं जेवण आहे.

रविवारी कोंडाजी आला होता. काळेवाडीहून चालत. त्याच्यावरच आरोप असल्यामुळे भेट देता येत नाही. तसं त्याला सांगितलं. समोरच्या कडुनिंबाखाली दिवे लागेपर्यंत बसून राहिला.

रंभा अर्धी भाकरी खाते आणि अर्धी उशाखाली ठेवते. कशाला, ते सांगत नाही. मी फार विचारलं नाही.

तुमची
इंद्रायणी


चिंचवड,
शुक्रवार, ११ फेब्रुवारी १९५५

चि. इंद्रायणी हीस आशीर्वाद.

तुझे पत्र काल सकाळी आले. दुपारी वर्गात जे घडले ते आधी लिहिते, कारण ते तसेच्या तसे लिहून ठेवायला हवे.

सोजरा ही वर्गातली गणिताला सर्वांत पक्की मुलगी. तिला विचारले, सात पाचे किती? ती म्हणाली, पस्तीस. त्याच वेळी मालगाडी जात होती, मला नीट ऐकू आले नाही. मी म्हटले, "किती?" ती थांबली. म्हणाली, "छत्तीस." मी चकित होऊन म्हटले, "किती?" ती म्हणाली, "चौतीस," आणि डोळ्यांत पाणी आले.

"अगं, पहिल्यांदा काय म्हणाली होतीस?"

"पस्तीस."

"मग बदललंस का?"

"तुमी परत इचारलं, बाई. परत इचारलं म्हंजी आदीचं चुकल्यालं असतंय."

मी वर्गाकडे पाहिले. सगळी मुले माना हलवत होती. त्यांना त्यात नवे काहीच नव्हते. त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तीस वर्षे शाळेत काढून ते मला ठाऊक नव्हते.

आता जे पहिल्या पत्रात लिहिले नाही ते लिहिते. चोवीस जानेवारीला मी रंभाला तीनदा विचारले होते. वर्गासमोर उभे करून, हातात पेन्सिल धरून. पहिल्यांदा ती म्हणाली, "चुलीवर पडले." मी म्हटले, "नीट सांग." ती म्हणाली, "तवा लागला." मी म्हटले, "तवा आपोआप लागतो का? खरं सांग." मग ती म्हणाली, "बाबानं." मी म्हटले, "शाबास."

शाबास म्हटले, इंद्रायणी. आणि अहवालात लिहिले, 'मुलीने स्वतःहून सांगितले.'

मला तिसरे उत्तर हवे होते. हा कोंडाजी दारू पिऊन आला तेव्हा मला म्हणाला होता, "बाई, तुमच्या पाटीनं चूल पेटत न्हाई, पोरीला घरी ऱ्हाऊ द्या." ते माझ्या मनात राहिले होते.

तू तिला पुन्हा विचारू नकोस. मीच विचारायला सांगितले आणि त्यामुळे आता ती कागदावर खोटारडी ठरली आहे. एकदाही विचारू नकोस. सतरा दिवस उरले आहेत.

सुभद्रा


पुणे,
सोमवार, १४ फेब्रुवारी १९५५

ती. सुभद्रामावशी यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि तुम्ही रागावलात तरी चालेल असं ठरवून लिहिते आहे.

मी सातवीत असताना वर्षभर तुमच्या घरी राहिले. तेव्हा तुमच्या चष्म्याची काडी मोडली होती. ती मी मोडली नव्हती. चष्मा खिडकीत होता, वाऱ्याने पडला असेल, मला माहीत नाही. तुम्ही विचारलंत, मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलंत. तिसऱ्यांदा मी हो म्हटलं आणि तुम्ही मला जवळ घेऊन म्हणालात, खरं बोललीस म्हणून शिक्षा नाही. ती माया मिळावी म्हणून मी ती काडी आणखी दहादा मोडल्याचं कबूल केलं असतं.

हे मला इतकं लख्ख आठवतं, आणि तरी मी रंभाला चारदा विचारलं. मुंबईला दोन वर्षं समाजकार्य शिकून आले आहे. तिथे फॉर्म कसा भरायचा ते शिकवलं. 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर लिहायला फॉर्मात जागाच नाही.

आणखी एक. सोलापूरच्या शाळेची शिफारस यशवंतरावांची आहे असं मी लिहिलं. तिच्यावर माझीही सही आहे. नऊ तारखेला तुम्हाला लिहायच्या आधीच मी सही केली होती.

ती मागे घ्यायची तर हाती काही तरी हवं. विचारायचं नाही म्हणता, मग कळणार कसं? आणि मावशी, समजा आपण दोघी आता उलट्या बाजूला झुकलो, आणि त्याने खरंच भाजलं असेल तर? मी मुलीला परत त्याच्या हातात देणार. काल रात्रभर हाच विचार करत होते.

तुमची
इंद्रायणी


चिंचवड,
गुरुवार, १७ फेब्रुवारी १९५५

चि. इंद्रायणी हीस आशीर्वाद.

काडीबद्दल काय लिहावे ते मला सुचत नाही. भेटीत बोलू. रागावलेले नाही.

'त्याने खरंच भाजलं असेल तर' हा प्रश्न मलाही झोपू देत नाही. म्हणून बांधकामावर गेले. मुकादम हिंदुराव याने हजेरी दाखवली. चोवीसला कोंडाजी सातपासून कामावर होता. पण दुपारच्या सुटीत मजूर बाहेर जातात, आणि भाजले केव्हा हे आपल्याला माहीत नाही. म्हणजे हजेरीने काहीच सिद्ध होत नाही. कोंडाजी तीन दिवस कामावर नाही. त्याच्या खोपटाशी गेले तेव्हा छबूबाई माझ्या मागे येऊन उभी राहिली, पहाऱ्याला असावी तशी.

मी त्याला म्हटले, "तुम्ही मुलीवर कधी हात टाकला आहे का?"

तो म्हणाला, "कदीच न्हाई म्हनलं तर खोटं व्हईल, बाई. दोनदा मारलंय. इस्तवानं न्हाई."

छबूबाई म्हणाली, "आरं, वकील केला असता तर त्यानं तुला गप बसवलं असतं."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला असे म्हणत नाही. पण जो सोयीचे उत्तर देत नाही त्याचे ऐकून घ्यावे लागते.

आता मुलीशी कसे बोलायचे, त्याबद्दल. शनिवारी मी फळ्यावर लिहिले: 'चिंचवडहून चऱ्होलीला जाताना वाटेत समुद्र लागतो.' अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलांनी पाटीवर उतरवून घेतले. त्यांतली दोन चऱ्होलीची आहेत, दर पंधरा दिवसांनी घरी जातात. मी विचारले, समुद्र पाहिलात का? नाही. मग लिहिलात का? "तुमी लिवला म्हून."

तेव्हापासून रोज मी मुद्दाम चुकते आहे. चूक दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवलेले नाही, नाहीतर बरोबर असलेलेही चूक ठरवतील. काल बुधवारी मी म्हटले, आज मंगळवार. मागून सोजरा हळूच म्हणाली, "न्हाई. बुधवार." सगळा वर्ग माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "बरोबर. माझं चुकलं." हे वाक्य वर्गात उच्चारल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर पाच-सहा मुलांना धीर आला. एकाने तर शेंदूर आणि हिंगूळ या दोन तांबड्या रंगांतला मी सांगितलेला फरकही चुकीचा ठरवला, आणि त्याचेच बरोबर होते.

तूही हेच कर. कचेरीत नको, यशवंतरावांसमोर नको, हातात कागद नको. तिच्या शेजारी बसून दोघींच्या हाताला काही काम असू दे. तिच्या घराबद्दल चुकीचे बोल आणि ती 'न्हाई' म्हणेपर्यंत थांब. ती 'न्हाई' म्हणायला शिकल्याशिवाय तिच्या 'व्हय'ला काडीची किंमत नाही. मग तिला सांग की तू तिथे नव्हतीस, तुला माहीत नाही. आणि गप्प राहा. तुला गप्प राहणे जड जाईल. मला गेले.

अकरा दिवस.

सुभद्रा


पुणे,
बुधवार, २३ फेब्रुवारी १९५५

ती. सुभद्रामावशी यांस सा. नमस्कार.

शुक्रवारपासून रोज संध्याकाळी बालगृहाच्या स्वयंपाकघरामागे रंभाबरोबर मेथी निवडायला बसले. पहिल्या दिवशी म्हटलं, "काळेवाडीला तुमचं दुमजली घर आहे." ती म्हणाली, "व्हय." शनिवारी म्हटलं, "तुमच्या दारात हत्ती बांधलेला असतो." "व्हय, बाई." मला रडू यायचं बाकी होतं. यशवंतराव तिथून जात होते, म्हणाले, "प्रोबेशन ऑफिसर आता भाजीखात्यात गेल्या वाटतं!" रविवारी कोंडाजी पुन्हा कडुनिंबाखाली होता. मी रंभाला सांगितलं नाही. ते बरोबर केलं की नाही, कळत नाही.

सोमवारी मी म्हटलं, "छबूमावशीकडे दोन घोडे आहेत."

ती निवडता निवडता थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी काडी तोडत राहिले.

"न्हाई," म्हणाली. "म्हशी हाईत. येक मारकी हाय."

"असं होय. माझं चुकलं."

ती हसली, मावशी. पुढचे दात किडलेले आहेत, ते तेव्हा प्रथम दिसलं. मग तिने मला दुरुस्त करायचा सपाटाच लावला. नदीवर होडी आहे, पूल नाही. खोपटाला पत्रा नाही, पाचट आहे.

काल मी म्हटलं, "तुझ्या हाताचं मला काही माहीत नाही. मी तिथे नव्हते. तू होतीस." आणि गप्प बसले. एक जुडी संपली. दुसरी अर्धी झाली. जिभेवर प्रश्न इतक्यांदा आला की मी मेथीचं पान चावून धरलं. मग तिने सांगितलं. ते मी आत जाऊन लगेच लिहून काढलं, तिच्याच शब्दांत:

"बाबाची भाकर घिऊन जायाचं व्हतं. सुटीचा भोंगा झाला. उशीर झाला म्हून घाईनं उठले तर परकर पायात आला. हात तव्यावर पडला. तशीच भाकर घिऊन कामावर गेले. बाबानं बघितलं आन् तितलं डांबर लावलं. त्यानं लई आग झाली. म्या वरडले. मंग बाबा बी रडला."

तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने बापाचं नाव का घेतलं, ते मला आता कळतं. पहिली दोन उत्तरं चुकीची ठरली, तेव्हा ज्याच्या हाताने सर्वांत जास्त दुखलं त्याचं नाव तिने दिलं. आणि उशाखालची भाकरी बापासाठी आहे. बाबा दुपारी काय खात असेल, म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

मी आज दप्तर काढून डॉक्टरांची पहिल्या दिवशीची चिठ्ठी पाहिली. तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे: जखमेवर डांबराचा थर, तेलाने काढला. ही चिठ्ठी तीन आठवडे माझ्या फायलीत होती. मी माझी शिफारस लेखी मागे घेतली आहे. यशवंतराव म्हणाले, "आता हे पाचवं उत्तर. उद्या सहावं येईल." कोर्टातही तेच म्हणतील. आधीची चार उत्तरं का बदलली, हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे. तुम्हाला यायला सांगणं मला जड जातंय. मॅजिस्ट्रेटबाई तुमच्याच शाळेतल्या आहेत, तुमच्या विद्यार्थिनी.

तुमची
इंद्रायणी


चिंचवड,
शुक्रवार, २५ फेब्रुवारी १९५५

चि. इंद्रायणी हीस आशीर्वाद.

मी सोमवारी सकाळच्या गाडीने येते. तीन प्रश्न आणि तीन उत्तरे, आणि शाबास, सगळे लिहून आणते. 'स्वतःहून' हा शब्द खोटा होता असे सांगेन. मॅजिस्ट्रेट माझी विद्यार्थिनी आहे हे चांगलेच झाले. मी पुन्हा विचारले की काय होते ते तिला समजावून सांगावे लागणार नाही. मला लाज वाटेल याची तू काळजी करू नकोस. ती वाटतेच आहे.

मात्र मुलगी परत आली म्हणजे सगळे ठीक झाले असे नाही. नऊ वर्षांची पोर एकटी चूल पेटवते हे खरेच आहे, आणि कोर्टाने ते विचारलेच पाहिजे. मी कोंडाजीशी आणि छबूबाईशी बोलले. दुपारची भाकरी यापुढे छबूबाई थापेल. रंभा दुपारी वर्गाला येईल, एरवी छबूबाईच्या गोठ्यावर राहील. छबूबाई म्हणाली, "दोन म्हशी सांभाळते, त्यात ही तिसरी. ही निदान मारकी तरी न्हाई." दारूबद्दल कोंडाजीने शपथ घ्यायची तयारी दाखवली. मी शपथ घेऊ दिली नाही. दर शनिवारी मी येऊन बघेन, एवढेच सांगितले. मला पाहून त्याला आनंद होतो असे नाही.

कोर्ट ऐकेल की नाही, माहीत नाही. आज हातून दोनदा शाई सांडली.

सुभद्रा


ताब्याची नोंद

पुणे, मुलांचे कोर्ट. सोमवार, २८ फेब्रुवारी १९५५, दुपारी साडेतीन.

आजच्या हुकुमान्वये मुलगी रंभा कोंडाजी, वय नऊ, राहणार काळेवाडी, हिचा ताबा वडील कोंडाजी यांना दिला. सहा महिने प्रोबेशन ऑफिसरची देखरेख. कोंडाजी यांनी अंगठा उठवला. साक्षीदार छबूबाई, अंगठा. कोर्टाच्या सांगण्यावरून नोंद लिहिणार सुभद्राबाई, चिंचवड.

मुलीबरोबर देण्यात आले:

डॉक्टरांची चिठ्ठी, एक. जखम भरली आहे, खपली काढू नये.

गोडेतेलाची लहान बाटली, हाताला लावण्यासाठी, एक.

पाटी, एक. पेन्सिल, दोन तुकडे.

सुभद्राबाईंचा २७ जानेवारीचा अहवाल परत देण्यात आला नाही. कोर्टाने तो त्यांच्या आजच्या जबानीसह दप्तरात ठेवला.

परकर, दोन.

पोलके, एक. ही यादी बालगृहाच्या कारकुनाने वाचून दाखवली. तेव्हा मुलगी मोठ्याने म्हणाली, "न्हाई. दोन हाईत." कारकुनाने यादी पुन्हा पाहिली व एकच असल्याचे सांगितले. मुलगी म्हणाली, "दोन." धुण्याचे गाठोडे मागवून सोडले. पोलकी दोन निघाली. 'एक' खोडून 'दोन' केले. खाडाखोडीवर सही सुभद्राबाई.